गजकर्णाचे मलम: कुठे मिळेल, कसे परवडेल?



शिरूर आणि दौंड हे आपल्या पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहतो. उसाला पाणी देताना पाय तासन् तास चिखलात असतात. ऊसतोडीच्या दिवसांत अंगावर घाम आणि पाचटाची धूळ बसते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात कामाला जाणारे तरुण दिवसभर जाड कपडे आणि बूट घालून असतात.

घाम, ओल आणि घट्ट कपडा ही तिन्ही एकत्र आली की कातडीवर बुरशी धरते. शिळ्या भाकरीवर धरते, तशीच. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. त्याची कड तांबूस आणि जराशी उंच असते, मधला भाग फिकट असतो. खाज तर अशी सुटते की चारचौघांत माणसाला लाज वाटावी. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यात अशीच बुरशी झाली की त्याला चिखल्या म्हणतात.

हा रोग जिवावर बेतत नाही. म्हणून लोक तो अंगावर काढतात. पण रात्रीची झोप जाते, कामात मन लागत नाही, घरातल्या लहान मुलालाही तो लागतो. मग माणूस बाजारात जातो आणि मिळेल ते मलम घेऊन येतो. इथेच खरी अडचण सुरू होते. डॉक्टरांनी लिहिलेले साधे, योग्य मलम दुकानात नसते. आणि जे घेऊ नये ते मलम मात्र समोरच्या फळीवर रांगेने मांडलेले असते. योग्य मलम कसे ओळखावे, कुठे शोधावे आणि थोड्या पैशांत कसे मिळवावे, ते या धड्यात पाहू.

१. मलमे दोन जातींची

बुरशीवरच्या मलमांच्या दोन जाती आपण ध्यानात ठेवू.

पहिली जात साध्या मलमाची. यात बुरशी मारणारे एकच औषध असते. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, केटोकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही अशा औषधांची नावे आहेत.

दुसरी जात मिश्र मलमाची. यात बुरशीचे औषध असते, जंतूंचे औषध असते, आणि त्याबरोबर स्टेरॉइड नावाचे तिसरे औषधही असते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडांची नावे.

स्टेरॉइड हे औषध मुळात वाईट नव्हे. इसबासारख्या काही रोगांत डॉक्टर ते मोजून देतात. पण बुरशीवर ते लावले तर काय होते? दोन दिवसांत खाज थांबते, तांबडेपणा जातो. माणसाला वाटते, वा, गुण आला! पण बुरशी मेलेली नसते. शरीर बुरशीशी झगडते, त्या झगड्यामुळे खाज आणि लाली येते. स्टेरॉइड त्या झगड्यालाच खाली बसवते. राखणदाराला झोपवले की चोराला रान मोकळे. मलम बंद केले की चट्टा पुन्हा उठतो, आणि पहिल्यापेक्षा मोठा उठतो. पुन्हा नळी आणायची, पुन्हा लावायची. असे महिनोन् महिने चालले की कातडी पातळ होते. जांघेत आणि काखेत पांढरट चिरा पडतात, आणि त्या जन्मभर जात नाहीत. चट्ट्याचे मूळ रूप बदलते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही रोग ओळखणे अवघड जाते.

देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध पुष्कळ आवाज उठवला. शेवटी २०१८ साली केंद्र सरकारने कातडीला लावायची १४ स्टेरॉइड औषधे 'चिठ्ठीशिवाय विकू नये' अशा औषधांच्या यादीत घातली. या यादीला 'शेड्यूल एच' म्हणतात. म्हणजे कायदा आहे. पण मागणारा आला की विकणारा देतो, हेही खरे आहे. कायदा कागदावर असतो. तो दुकानात आणायचे काम गिऱ्हाइकाने वाचून, विचारून करायचे असते.

ही गोष्ट केवळ आपल्या गावाची नाही. २०२० साली शास्त्रज्ञांनी गजकर्णाच्या एका हट्टी बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. भारतातून आणि नेपाळातून जपानला गेलेल्या रुग्णांच्या अंगावर तिचा तपास लागला होता. टर्बिनाफिन या औषधाला ही बुरशी पुष्कळदा दाद देत नाही. पुढे ती युरोपात आणि अमेरिकेतही आढळली. अर्धवट आणि चुकीच्या औषधाने अशा हट्टी बुरशीला बळ मिळते, असे तज्ज्ञ सांगतात.

२. औषधाची दोन नावे

माणसाला एक पाळण्यातले नाव असते आणि एक हाक मारायचे नाव असते. औषधालाही तशीच दोन नावे असतात. एक मूळ नाव. ते जगभर एकच असते. क्लोट्रिमॅझोल हे मूळ नाव आहे. ते शिरूरला तेच आणि लंडनलाही तेच. दुसरे कंपनीचे नाव. ते नळीवर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. दहा कंपन्या तेच औषध दहा नावांनी विकतात, आणि किमतीही दहा ठेवतात.

मूळ नावांमागे कधी कधी मोठा इतिहास असतो. १९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन बायकांनी शेतातल्या मातीतून बुरशी मारणारे औषध शोधून काढले. त्या न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या, म्हणून त्यांनी औषधाला 'निस्टॅटिन' नाव दिले. आपला पुणे जिल्हाही यात मागे नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून बुरशीवरचे नवे औषध काढले. कारखान्याच्या नावावरून औषधाचे नाव पडले 'हॅमायसिन', आणि त्या जिवाला पिंपरी गावावरून 'पिंप्रिना' हे नाव मिळाले. ज्या मातीत बुरशी राहते, त्याच मातीत तिचे औषधही सापडले!

आज दुकानात मागायचे ते हॅमायसिन नव्हे. डॉक्टर लिहितील तेच मागायचे. सांगायचा मुद्दा एवढाच, की मूळ नाव हे औषधाचे खरे नाव. ते ज्याला ठाऊक, त्याला कुठल्याही गावात औषध शोधता येते.

३. नळी वाचावी कशी?

आता आपण वाचायला शिकलो आहोत. या विद्येचा उपयोग औषधाच्या दुकानात करू. नळीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तरी घाबरायचे कारण नाही. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव विचारून घ्यावे आणि आपल्या वहीत मराठीत लिहावे. दुकानात गेल्यावर दुकानदाराला नळीवरचे मूळ नाव मोठ्याने वाचायला सांगावे. आपल्या वहीशी ताडून पाहावे. घरी शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल तर तिच्याकडून पुन्हा वाचून घ्यावे.

नळीवर पाच गोष्टी पाहायच्या.

पहिली: मूळ नाव. इथे फार जपून. 'क्लोट्रिमॅझोल' आणि 'क्लोबेटासोल' ही दोन नावे कानाला सारखीच लागतात. दोन्ही 'क्लो'ने सुरू होतात. पण पहिले बुरशी मारते, दुसरे जोरदार स्टेरॉइड आहे. शेवट ऐकावा. बुरशीच्या पुष्कळ औषधांच्या शेवटी 'नॅझोल' किंवा 'मॅझोल' येते. स्टेरॉइडांच्या शेवटी बहुधा 'सोन' किंवा 'टासोल' येते.

दुसरी: नावे किती आहेत? साध्या मलमावर एकच औषध लिहिलेले असते. तीन-चार नावे एकाखाली एक दिसली की समजावे, हे मिश्र मलम आहे.

तिसरी: जोर. नावापुढे १% किंवा २% असे लिहिलेले असते. १% म्हणजे शेकडा एक. शंभर ग्रॅम मलमात औषध एक ग्रॅम.

चौथी: वजन आणि किंमत. १५ ग्रॅम, ३० ग्रॅम असे वजन असते. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते आणि तीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. कमी मात्र घेता येतो.

पाचवी: औषध कधीपर्यंत चालेल तो महिना आणि वर्ष. ते उलटून गेले असेल तर नळी परत करावी.

४. चिठ्ठी कशी असावी?

औषध शोधण्याचे निम्मे काम डॉक्टरांच्या खोलीतच होते. चिठ्ठी हातात घेऊन लगेच उठू नये. नम्रपणे पण स्पष्टपणे चार गोष्टी विचाराव्या.

"डॉक्टरसाहेब, औषधाचं मूळ नाव लिहाल का? यात स्टेरॉइड आहे का? किती दिवस लावायचं आणि एकूण किती ग्रॅम लागेल? हे नाही मिळालं तर दुसरं कोणतं चालेल?"

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. का, ते सांगतो. शेड्यूल एच मधले औषध चिठ्ठीवर लिहिले असेल, तर त्याच्या जागी दुसरे औषध स्वतःच्या मनाने द्यायला दुकानदाराला कायद्याने परवानगी नाही. चिठ्ठीवर नुसते कंपनीचे नाव असले आणि ते दुकानात नसले, तर आपली वाट अडते. पण मूळ नाव लिहिलेले असेल तर कुठल्याही चांगल्या कंपनीची नळी चालते. आणि दुसरे चालणारे औषधही डॉक्टरांनीच लिहून दिले असेल तर हेलपाटा वाचतो.

डॉक्टरांनी मूळ नाव लिहावे आणि अक्षर वाचता येईल असे काढावे, असा नियम त्यांच्या परिषदेनेच केलेला आहे. २०१६ साली तो आणखी स्पष्ट केला गेला. तेव्हा मागायला संकोच नको.

५. शोध कुठे घ्यावा?

घरातून निघताना क्रम ठरवून निघावे. आधी फुकटचे, मग स्वस्ताचे, मग जवळचे, मग लांबचे.

पहिले ठिकाण: सरकारी दवाखाना. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शिरूर, दौंडचे सरकारी दवाखाने यात येतात. तिथे गेल्यावर मलम शिल्लक नाही असे उत्तर कधी कधी मिळते. तेव्हा रागावून परत फिरू नये. "त्याच कामाचं दुसरं मलम शिल्लक आहे का? नवा साठा कधी यायचा?" असे विचारावे. क्लोट्रिमॅझोल हे औषध जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे ठिकाण: जनऔषधी केंद्र. केंद्र सरकारच्या या योजनेचे पहिले दुकान २००८ साली अमृतसरला उघडले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघर इथे दहा हजारावे केंद्र सुरू झाले. या दुकानांत औषधे मूळ नावाने आणि पुष्कळ कमी किमतीत मिळतात. आपल्या जवळ असे केंद्र कुठे आहे, ते तालुक्याच्या गावी विचारावे. इथेही एखादे मलम त्या दिवशी नसेल. तेव्हा फोन करून जावे.

तिसरे ठिकाण: बाजारातले औषधाचे दुकान. साधे मलम फळीवर नसले म्हणजे ते जगात नाही असे नव्हे. जे खपते तेच दुकानदार ठेवतो. मूळ नाव सांगून "मागवून द्या" म्हणावे. दुकानदाराचा माल ठोक व्यापाऱ्याकडून येत असतो. त्या मालाबरोबर एक-दोन दिवसांत नळी येऊ शकते. गजकर्ण काही साप चावल्यासारखा तातडीचा रोग नव्हे. दोन दिवस थांबून योग्य मलम घेणे हे आज चुकीचे मलम घेण्यापेक्षा शंभर पटीने बरे.

चौथे ठिकाण: पुणे. रोग हट्टाला पेटला, दोन वेळा औषध करूनही उलटला, तरच पुण्याचा खर्च करावा. दौंडहून रेल्वेने पुणे स्टेशनावर उतरले की ससून रुग्णालय जवळच आहे. शिरूरहून एस. टी. नगर रस्त्याने जाते. तिथल्या कातडीच्या विभागात चट्ट्याचा कोंडा खरवडून तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासतात. बुरशी आहे की दुसरे काही, ते त्यावरून कळते. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि आजवर लावलेल्या सर्व नळ्या, रिकाम्यासुद्धा, बरोबर न्याव्या.

एक खुलासा. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. मलमाच्या नळीचा खर्च तीतून निघेल अशी आशा धरून बसू नये.

६. नळ्या किती? पैसे किती?

'एक नळी आणली, संपली, गुण नाही' असे आपण पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. बरेचदा दोष औषधाचा नसतो, हिशेबाचा असतो. हा हिशेब सोपा आहे.

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढा. ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते. एवढे मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. पंजा म्हणजे बोटांसकट तळहात.

आता समजा, चट्टा एका पंजाएवढा आहे. एका वेळेला पाव ग्रॅम मलम लागेल. दिवसातून दोनदा लावायचे, म्हणजे रोज अर्धा ग्रॅम. चार आठवड्यांचे दिवस २८. म्हणजे १४ ग्रॅम. १५ ग्रॅमची एक नळी पुरेल.

पण रोग दोन्ही जांघांत आणि कमरेला पसरून चार पंजांएवढा झाला असेल तर? रोज दोन ग्रॅम लागेल. २८ दिवसांचे ५६ ग्रॅम झाले. म्हणजे १५ ग्रॅमच्या चार नळ्या हव्यात. एका नळीत हा रोग जाईल कसा? चार पायल्यांची पेरणी एका पायलीत उरकण्यासारखेच ते.

पैशांचा हिशेब पाहू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका कंपनीची १५ ग्रॅमची नळी ६० रुपयांना आणि दुसऱ्या कंपनीची तीच नळी १५० रुपयांना आहे. औषध एकच, जोर एकच. चार नळ्यांचे पहिल्या भावाने २४० रुपये, दुसऱ्या भावाने ६०० रुपये. मूळ नाव विचारल्यामुळे ३६० रुपये वाचले. आणि ३० ग्रॅमची नळी १०५ रुपयांना मिळत असेल, तर ग्रॅमला साडेतीन रुपये पडले. लहान नळीत ग्रॅमला चार रुपये पडत होते. म्हणून नळीची नव्हे, ग्रॅमची किंमत ताडून पाहावी.

रोजगार बुडवून केलेला हेलपाटा आणि एस. टी.चे भाडे हाही औषधाचाच खर्च. एका फोनने तो वाचतो. पैसे एकदम नसतील तर दोन नळ्या आधी आणि दोन पंधरा दिवसांनी घ्याव्या. पण मधे खंड पडू देऊ नये.

७. दुकानात बोलावे कसे?

आता एक संवाद वाचा. घरी दोघांनी मिळून मोठ्याने वाचला तर अधिक चांगले.

मावशी: दादा, ही चिठ्ठी बघा. क्लोट्रिमॅझोल, एक टक्का. साधं मलम पाहिजे.

दुकानदार: ते नाही मावशी. हे न्या. सगळे हेच नेतात. दोन दिवसांत खाज बंद.

मावशी: यात काय काय आहे, ते जरा वाचून दाखवा की.

दुकानदार: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल...

मावशी: क्लोबेटासोल म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरीणबाईंनी ते लावू नका म्हणून बजावलंय. चिठ्ठीवर आहे तेच द्या.

दुकानदार: मग मागवावं लागेल. परवा येईल.

मावशी: परवा येते. चार नळ्या मागवा. कुठल्याही चांगल्या कंपनीची चालेल, पण किंमत आधी सांगा. आणि पावती द्या बरं का.

दुकानदार: देतो मावशी. तुम्ही तर सगळं वाचूनच आलाय!

मावशींनी आवाज चढवला नाही. भांडण केले नाही. चिठ्ठी दाखवली, नळी वाचायला लावली आणि पावती मागितली. पावतीवर औषधाचे नाव, घाण क्रमांक म्हणजे बॅच नंबर, आणि किंमत असते. पुढे तक्रार करायची वेळ आली तर पावती हाच पुरावा. औषध दुकानांवर अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते. तक्रार त्यांच्याकडे करता येते.

८. आणलेले मलम फुकट जाऊ नये

इतक्या खटपटीने आणलेले मलम नीट लावले नाही, तर पैसे मातीत गेले. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्या.

आंघोळ करून अंग पूर्ण कोरडे करावे, मग मलम लावावे. नुसत्या चट्ट्यावर लावू नये. कडेच्या बाहेर दोन बोटे जागेवरही लावावे. बाहेरून आत यावे. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावे.

खाज थांबली म्हणून मलम थांबवू नये. तण वरून कापले तरी मूळ जमिनीत राहते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे मलम चालू ठेवायला सांगतात, ते याच कारणाने.

घरात प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा. आतले कपडे रोज बदलावे, गरम पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात उलटे करून वाळवावे. ओलसर कपडा अंगावर वाळवू नये. कमरेचा करदोटा घामाने सतत ओला राहतो, त्यात बुरशी दडून बसते. रोग असेपर्यंत तो काढून ठेवावा. काढायचा नसेल तर निदान बदलावा. घरात दोघा-तिघांना खाज असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी औषध करावे. एकाने करायचे आणि दुसऱ्याने नाही, असे झाले तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

चट्ट्यावर बिब्बा, रॉकेल असले काही लावू नये. कातडी भाजते, आणि दुखणे एकाचे दोन होतात.

९. मलमाने भागणार नाही, असे केव्हा समजावे?

चट्ट्यावर टोचलेले किंवा गरम-गार कळत नसेल तर तो गजकर्ण नसावा. कुष्ठरोगाचा चट्टा असा बधिर असतो. भिऊ नये, लपवूही नये. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.

घरातल्या सगळ्यांना रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या असतील तर ती खरूज असू शकते. तिचे औषध वेगळे.

डोक्यात किंवा नखांत बुरशी असेल, रोग अंगभर पसरला असेल, मधुमेह असेल, बाई गरोदर असेल किंवा रोगी तान्हे बाळ असेल, तर स्वतः मलम निवडू नये. डॉक्टरांनाच दाखवावे. अशा वेळी काहींना पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. त्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर कधीही आणू नये. काहींना त्या सोसत नाहीत, आणि यकृताला इजा होऊ शकते.

आठवणीत ठेवा

१. खाज लवकर थांबवते ते मलम चांगलेच असते असे नाही.
२. चिठ्ठीवर मूळ नाव, टक्के, ग्रॅम आणि दिवस मागून घ्यावे.
३. आधी सरकारी दवाखाना, मग जनऔषधी केंद्र, मग बाजार, मग पुणे.
४. फोन करून जावे. नसेल तर मागवावे. बदली मलम मनाने घेऊ नये.
५. ग्रॅमची किंमत पाहावी आणि पावती घ्यावी.
६. दिवस पुरे करावे.

सही करता येऊ लागली म्हणजे साक्षरता संपली, असे आम्ही मानत नाही. औषधाची नळी हातात घेऊन तिच्यावर काय लिहिले आहे, हे जो विचारतो आणि पटल्यावरच पैसे देतो, तो खरा साक्षर. वाचता येणाऱ्या माणसाला फसवणे कठीण जाते.

प्रश्न

१. साधे मलम आणि मिश्र मलम यांत फरक काय?
२. क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोल यांतले स्टेरॉइड कोणते?
३. दोन पंजांएवढ्या चट्ट्याला रोज दोनदा मलम लावायचे आहे. २८ दिवसांना किती ग्रॅम लागेल? १५ ग्रॅमच्या किती नळ्या घ्याव्या लागतील?
४. डॉक्टरांना कोणते चार प्रश्न विचारावे? ते वहीत लिहा.

करून पाहा

घरात असलेल्या मलमांच्या सगळ्या नळ्या गोळा करा. प्रत्येकीचे मूळ नाव, वजन, किंमत आणि मुदत वहीत लिहा. मुदत संपलेल्या नळ्या वेगळ्या काढा. एखाद्या नळीवर स्टेरॉइडाचे नाव आढळले तर ती डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वर्गात आपली वही आणा. आपण सगळे मिळून ती वाचू.